मुरलेल्या करंज्या

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी मुंजाजीआबांनी मला दिवाळीची करंजी खायला दिली. मी ती नाकाजवळ नेली आणि घाईघाईनं लांब धरली.

"खवट झालीय, आबा."

"खवट न्हाई, मुरलीय."

मी तेव्हा पेडगावच्या उपकेंद्रात नर्स होते, आबा माझे शेजारी. बायको वारून बरीच वर्षं झालेली. थोडं कोरडवाहू रान, एक म्हैस आणि सणासुदीचं शिळं गोड, एवढाच त्यांचा संसार. ताजं गोड त्यांना चालायचंच नाही. गौरीचे अनारसे ते दत्तजयंतीला खायचे. संक्रांतीचा तिळाचा लाडू चैत्रात अडकित्त्यानं फोडायचे. शेजारचे बाबूमिया ईदेला शिरखुर्मा पाठवायचे. तो आबा दुसऱ्या दिवशी, जरासा आंबूस झाल्यावर, मिटक्या मारत प्यायचे आणि म्हणायचे, "आता कुठं रंगात आलाय!" कुणी हटकलं की ठरलेला जबाब: "मुंगीला चालतंय, मग मला का न्हाई?"

आणि हा माणूस कधी आजारी पडायचा नाही. एकदा त्यांच्या आग्रहाखातर मी बेसनाचा अर्धा लाडू खाल्ला आणि दोन दिवस उपकेंद्राला पेशंट मीच. आबा साखर-मिठाचं पाणी घेऊन भेटायला आले. वर म्हणाले, "शहरातलं पोट लय नाजूक असतंय, सिस्टर."

वैशाखात एका सकाळी मात्र बाबूमियाच मला बोलवायला धावत आले. "सिस्टर, जल्दी चला. मुंजाजी उलट्या करायलाय."

आबा बाजेवर पिवळेफटक पडले होते. शेजारी पत्र्याचा रिकामा डबा. दिवाळीच्या उरलेल्या सगळ्या करंज्या त्यांनी दोन दिवसांत संपवल्या होत्या.

"जीव द्यायचा होता का?" मी ओरडले.

"डबा रिकामा करायचा व्हता," आबा क्षीण आवाजात म्हणाले. "उद्या कौसा यायलीय."

कौसा त्यांची एकुलती एक लेक. दसरा झाला की ती आणि जावई ऊसतोडीला जायचे, ते वैशाखातच परतायचे.

"लगीन झाल्यापून तिला घरची दिवाळी न्हाई बघा. म्हणून तिचा वाटा ठेवतो. पहिल्या साली खवट झालेली करंजी तिनं गुमान खाल्ली आन् वाटंनं ओकली. तवापून दरसाल ती यायच्या आधी जुन्या मी खातो, डब्यात ताज्या भरून ठेवतो. औंदा तेवढा पोटानं दगा दिला."

"मग आधीच का नाही संपवत?"

"आन् टोळी मधीच परतली म्हंजे? डबा रिकामा दिसंल की तिला."

"फेकून तरी द्यायच्या."

"तिच्या वाटणीच्या कशा फेकू?"

"निदान ताज्या केल्यात म्हणून तरी सांगा."

आबांनी मान हलवली. "ताज्या म्हणलं की ती पाहुणी झाली, सिस्टर. दिवाळीच्या म्हणलं की घरची राहती."

दरसाल आबा स्वतःच करंज्या तळायचे. या वेळी त्यांना उभं राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी कढई मी चढवली. आबा बाजेवरून हुकूम सोडत होते, "कड नीट दुमडा. सारण सांडायलंय!"

दुपारी कौसा आली. उन्हानं करपलेली, हातांवर उसाच्या पात्यांचे चरे. आबा कसेबसे उठून बसले आणि डबा तिच्यापुढं सरकवला.

"दिवाळीच्या हायेत. जराशा मऊ पडल्या असतील."

कौसानं एकामागून एक तीन खाल्ल्या. "कुठं मऊ पडल्यात? लय झकास हायेत."

आबांनी माझ्याकडे अशा रुबाबात पाहिलं, जणू कढईपाशी मी नव्हतेच.

मी निघाले तशी कौसा मला पोचवायला उंबऱ्यापर्यंत आली. आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, तळणाचा वास घरभर हाय. दरसालीच असतो." मग जरा थांबून, "आबाला मातर बोलू नका."

पदरानं डोळे पुसून ती आत वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "आबा, आणखी एक दे की. दिवाळीला तिकडं काय खायलाच मिळालं न्हाई."