बाबांच्या टेबलाला हात लावू नये

विद्यापीठाच्या कलादालनात यंदा सगळ्यात जास्त गर्दी आपल्याच कामापुढे होणार, असं थोरलीने उद्घाटनाच्या आदल्या दिवशी वर्गात छातीठोकपणे सांगितलं होतं. बोलल्याप्रमाणे गर्दी झाली. इतकी झाली, की दालनाच्या राखणदारकाकांना रांग लावावी लागली! फरक एवढाच, की रांगेतलं एकही माणूस कला बघायला आलेलं नव्हतं.

थोरली म्हणजे घरातली थोरली. तिच्यामागे एक भाऊ, म्हणून ती थोरली. ललितकला विभागात शेवटच्या वर्षाला होती आणि शेवटच्या वर्षाला मांडणशिल्प करावं लागतं. मांडणशिल्प म्हणजे वस्तू अशा मांडायच्या, की बघणाऱ्याला वाटावं यात काहीतरी आहे, आणि परीक्षकाला वाटावं ते काय आहे हे फक्त आपल्यालाच कळलंय. वर्गातल्या एकीने दोरीवर ऐंशी ओले टॉवेल टांगले होते. एकाने बर्फाच्या लाद्या रचून भिंत उभी केली होती. ती उद्घाटनाचं भाषण संपायच्या आत जमिनीवर आली, तेव्हा त्याने पाण्याभोवती खडूची रेघ मारली आणि हा दुसरा टप्पा आहे म्हणून जाहीर केलं.

थोरलीने बाबांचं टेबल आणलं होतं.

बाबांचं दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ, पंखे, इस्त्र्या, मिक्सर. दुकानाची रुंदी दाराएवढी, त्यात एक टेबल, एक स्टूल आणि बाबा. आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी, हातात स्क्रू-ड्रायव्हर तसाच धरून, त्यांनी दोन मिनिटं म्हणून टेबलावर डोकं टेकलं. त्या दोन मिनिटांनंतर जागामालकाला दुकान परत हवं होतं आणि भावाला सगळं भंगारात द्यायचं होतं.

"एक आठवडा," थोरली भावाला म्हणाली होती. "फक्त एक आठवडा ते टेबल त्यांनी ठेवलं होतं तसं उभं राहू दे. मग तुला काय करायचं ते कर."

तिने एकेका स्क्रूचा फोटो काढला. टेबल हलवलं, दालनात आणलं आणि फोटो बघून स्क्रू जिथल्या तिथे ठेवले. दुरुस्तीला आलेल्या एकतीस वस्तू, तळाशी चहा वाळलेला ग्लास, कानामागे ठेवून ठेवून तेलकट झालेली पेन्सिल, टेबलाखालचं 'झालेले' असं लिहिलेलं चिकटपट्टी लावलेलं खोकं. खोकं तिने उघडलंसुद्धा नाही. हात लावायचा नाही, हेच तर तिचं शिल्प होतं.

आणि चिठ्ठ्या. बाबा गिऱ्हाइकाला नाव विचारत नसत. पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर दोन्हीकडे नंबर घालायचा, मधोमध फाडायची, अर्धी गिऱ्हाइकाला, अर्धी वस्तूला बांधायची. आपल्या अर्ध्यावर ते खुणेसाठी दोन शब्द लिहीत. दुकानात दिवसभर तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस सगळं बोलणं त्या चिठ्ठ्यांवर उरकत असे.

'रेडिओ. नाकात बोलणारे गृहस्थ. स्वतः उघडलाय. नाही म्हणतात.'

'मिक्सर. मोठ्या आवाजाच्या बाई. मिक्सरचा आवाज ऐकू येत नाही अशी तक्रार. कसा येणार.'

'इस्त्री. बायकोने फेकून मारलेली दिसते. पडली म्हणाले.'

थोरलीने या चिठ्ठ्यांच्या हातभर उंचीच्या प्रती काढून टेबलामागच्या भिंतीवर लावल्या. शिल्पाचं नाव ठेवलं, 'काम चालू आहे'. पुढे एक दोरी बांधली आणि पाटी लावली, 'कृपया हात लावू नये'.

पाटीला पहिला हात आत्याने लावला. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. उद्घाटनाला आली, पाटी बाजूला सरकवली, दोरी ओलांडली आणि थेट बाबांच्या स्टुलावर जाऊन बसली.

"आत्या, तिथे बसायचं नाही! ते शिल्पात आहे."

"मग काय उभी राहू? स्टूल रिकामं दिसलं की गिऱ्हाईक परत जातं."

"इथे गिऱ्हाईक यायचंच नाहीये."

"म्हणूनच बसते," आत्या म्हणाली, आणि पुढचे सात दिवस दालन उघडल्यापासून बंद होईपर्यंत उठली नाही.

विभागप्रमुखांनी दारात फीत कापली, दारातच चाळीस मिनिटं भाषण केलं, सगळी कामं अंतर्मुख करणारी आहेत असं सांगितलं आणि एकही काम न बघता चहाला गेले. पहिले तीन दिवस लोक टेबलापुढे येत, मान तिरकी करत आणि पुढे जात. थोरली समाधानी होती. टेबल उभं होतं.

चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात टेबलाचा फोटो आला. छान मोठा, रंगीत. एकतीसच्या एकतीस वस्तू स्पष्ट दिसत होत्या!

दालन उघडता उघडता एक गृहस्थ आत आले. हातात वर्तमानपत्र, तोंडाने श्वास.

"हा! हाच तो!" ते नाकातून गरजले. "आठ महिने दुकानाला कुलूप! मी हेलपाटे घालतोय आणि माझा रेडिओ इथे प्रदर्शन मांडून बसलाय!"

"काका," थोरली पुढे झाली, "बाबा... बाबा आता नाहीत."

गृहस्थ थबकले. मान खाली घातली. "अरेरे," ते म्हणाले. मग मान वर केली. "पण मग रेडिओ झाला का?"

थोरली काही बोलायच्या आत आत्याने हात पुढे केला. "चिठ्ठी?"

त्यांनी पाकिटातून अर्धी चिठ्ठी काढली. आत्याने ती रेडिओच्या चिठ्ठीला लावून, डोळ्यांजवळ नेऊन, फाटलेली कड कडेशी जुळवून पाहिली.

"जुळली. घ्या."

"आत्या! शिल्प आहे ते!"

"रेडिओ त्यांचा आहे," आत्या म्हणाली. थोरलीने बाजूला सरकवलेली पाटी पुन्हा दोरीपुढे आणून ठेवली.

रेडिओ काखेत मारून गृहस्थ वळले आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. "स्वतः उघडलाय? कोणी? मी?"

"नाही म्हणतात, हेही लिहिलंय की," आत्या म्हणाली.

दुपारपर्यंत आठ जण येऊन गेले. मोठ्या आवाजाच्या बाई दिसण्याच्या बऱ्याच आधी ऐकू आल्या. इस्त्रीवाले सपत्नीक आले. पत्नीने भिंतीवरची चिठ्ठी शांतपणे दोनदा वाचली.

"तुम्ही दुकानात काय सांगितलं होतं?"

"पडली म्हणून सांगितलं होतं! आईशपथ!"

"मग त्यांना कळलं कसं?"

"टोकाला आपल्या भिंतीचा रंग लागला होता," इस्त्रीवाले पुटपुटले. दोघांनी इस्त्रीचं एकेक टोक धरलं आणि ते निघून गेले.

थोरली एकेकाला विनवत होती. "शुक्रवारी परीक्षक येतायत. तोवर राहू द्या, नंतर मी स्वतः घरी आणून देते." लोक म्हणत, आठ महिने थांबलो की! आणि प्रत्येक जण आधी "अरेरे" म्हणे. थोरली ते अरेरे मोजायला लागली. बहुतेक अरेरे हात पुढे करता करताच संपत. सगळ्यात लांबलेला अरेरे मिक्सरवाल्या बाईंचा होता, पण तो आवाजामुळे.

शेवटी ती धावत विभागप्रमुखांकडे गेली.

"सर, लोक माझं काम घेऊन चाललेत!"

"वा!" सर म्हणाले.

"वा नाही, सर. उचलून नेतायत. घरी!"

"कलाकृतीने दालनाबाहेर पडायला हवं, हे मी वीस वर्षं घसा कोरडा करून सांगतोय."

"सर, संध्याकाळपर्यंत इस्त्र्या संपतील!"

"संपू देत," सर डोळे मिटून म्हणाले. "संपण्यातच सगळं असतं."

थोरली परत आली तेव्हा टोस्टर गेला होता. ज्याचा टोस्टर होता त्याने सोबत बाबांचा स्क्रू-ड्रायव्हरही नेला होता. घरी जाऊन स्वतःच करून बघतो म्हणाला. तो कोणता स्क्रू-ड्रायव्हर होता, हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगून त्यालाही एक अरेरेच मिळाला असता. तिने रिकाम्या जागी खडूने टोस्टरची बाह्यरेषा काढली, मग गेलेल्या प्रत्येक वस्तूची. बर्फवाला लांबून म्हणाला, "दुसरा टप्पा का?" थोरलीने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याचं उरलेलं पाणीही आटावं.

शुक्रवारी परीक्षक आले तेव्हा टेबल मोकळ्या मैदानासारखं झालं होतं. तीस बाह्यरेषा, चहाचा ग्लास, पेन्सिल आणि कोपऱ्यात एक टेबलफॅन. विभागप्रमुखांबरोबर बाहेरगावचे दोन परीक्षक होते. एक दाढीवाले, एक लोकरी शालवाल्या बाई. दोघंही टेबलापुढे येऊन स्तब्ध उभे राहिले. टॉवेलांपुढे ते इतके स्तब्ध झाले नव्हते.

"काय हा रिकामेपणा!" दाढीवाले कुजबुजले.

"आणि ही स्टुलावरची आकृती!" शालवाल्या बाईंनी शालीच्या टोकाने डोळे टिपले. "किती सोसलेला चेहरा!"

"चिठ्ठी आणलीय का?" आकृतीने विचारलं.

"क-कसली?"

"नसेल तर बाजूला व्हा, मागच्यांना येऊ द्या."

"बोलते!" दाढीवाले आनंदाने ओरडले. "बोलतेसुद्धा!"

"सर," थोरली म्हणाली, "हे असं नव्हतं. हे भरलेलं होतं. मला हे रिकामं करायचंच नव्हतं."

"कलाकाराला आपण काय केलंय हे कधीच कळत नसतं," दाढीवाल्यांनी तिची समजूत घातली. इकडे शालवाल्या बाई भिंतीवरच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचू लागल्या होत्या. वाचता वाचता शेवटच्या चिठ्ठीशी आल्या.

"'टेबलफॅन. कलेचे सर. फिरत नाही म्हणाले. प्लग लावून पाहिलात का, विचारलं. रागावून निघून गेले. प्लग लावला. फिरतो.'"

दोन्ही परीक्षकांनी वळून विभागप्रमुखांकडे पाहिलं.

"कलेचे सर," विभागप्रमुख घसा साफ करत म्हणाले, "हे एक प्रतीक आहे."

"पंख्याच्या बुडाला तुमच्या विभागाचा शिक्का आहे," आत्या म्हणाली. "पाकीट बघा, चिठ्ठी असेल."

होती! विभागप्रमुखांनी खाली मान घालून ती काढली, आत्याने कडेला कड लावली, "जुळली. घ्या," म्हणाली, आणि परीक्षकांचा ताफा पंख्यासह पुढच्या कामाकडे सरकला. निघताना सरांना काहीतरी बोलणं भागच होतं.

"तुझे वडील होते ते? अरेरे," ते म्हणाले.

थोरलीला पहिलं पारितोषिक मिळालं. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, 'आपल्या सर्वात प्रिय वस्तूंचा निर्भयपणे त्याग केल्याबद्दल'. तिने ते घडी घालून चहाच्या ग्लासाखाली ठेवलं. त्याग! घराची झडती घेऊन सगळं नेल्यावर घरमालकाचा दानशूर म्हणून सत्कार करावा, तसलाच हा प्रकार होता.

सातव्या दिवशी दालन रिकामं करायचं होतं. भाऊ टेम्पो घेऊन निघाला होता. टेबल टेम्पोत, टेम्पो भंगारवाल्याकडे, असं ठरलं होतंच. आता ते अडवायला थोरलीजवळ कारणही उरलं नव्हतं. खडूच्या रेषा भंगारवाल्यालाही नको असतात.

"ते खोकं उघड," आत्या म्हणाली.

"त्याला हात लावायचा नाही, आत्या."

"एवढा सगळा गाव हात लावून गेला, आता तूच राहिलीस."

थोरलीने चिकटपट्टी ओढली. एवढं मोठं खोकं आणि आत एकच वस्तू. झालेल्या वस्तू लोक लगेच नेत, त्या खोक्यात राहत नसत. राहिला होता एक अभ्यासाचा दिवा, वाकड्या मानेचा, हिरवा. पहिल्या वर्षी वसतिगृहात बंद पडलेला. तिने तो जाता जाता दुकानात टाकला होता. फोनवर बाबा म्हणत, "दिवा झालाय," आणि ती म्हणे, "नेते हो सवडीने." वसतिगृहापासून दुकान अर्ध्या तासावर होतं. या अर्ध्या तासाला तीन वर्षं झाली होती.

चिठ्ठी बांधलेली होती. फाडलेली नव्हती, दोन्ही अर्धी एकत्रच.

'दिवा. थोरली. घाई नाही म्हणाली. झालाय.'

थोरलीने दिवा मोकळ्या टेबलावर ठेवला. बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. चार वेळा दाबलं.

"आत्या, हा लागत नाही!" तिचा आवाज चढला. "झालाय लिहिलंय आणि लागत नाही! सगळ्यांचं सगळं नेलं सगळ्यांनी, माझ्या वाट्याला एक वस्तू आली, तीही बंद! एक काम... एक काम माझं नीट..." आठ महिन्यांत न रडलेली थोरली, पहिल्या पारितोषिकाची मानकरी, विद्यापीठाच्या दालनात हिरव्या दिव्याला धरून हमसून हमसून रडू लागली. टॉवेलवालीने दोरीवरचा एक टॉवेल काढून पुढे केला. तो ओलाच होता.

राखणदारकाका किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. त्यांनी दिव्याकडे पाहिलं. थोरलीकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या कलेच्या सरांच्या चिठ्ठीकडे पाहिलं.

"ताई," ते हळूच म्हणाले, "प्लग."

प्लग लावला. दिवा लागला. टेबलभर पिवळा उजेड पडला, तीस खडूच्या रेषांवर आणि एका ग्लासावर.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. आत्याने तेलकट पेन्सिल उचलली, चिठ्ठीवर 'झालाय'च्या पुढे लिहिलं, 'प्लग लावला नव्हता. रागावली.' मग चिठ्ठी मधोमध फाडली, अर्धी थोरलीच्या हातात दिली आणि लगेच तोच हात पुढे केला.

"चिठ्ठी?"

थोरलीने नाक पुसून दिली. आत्याने डोळ्यांजवळ नेऊन, कडेला कड लावून, चांगली निरखून पाहिली.

"जुळली," ती म्हणाली. "ने आता."