पडद्यावरची टाकी

मे महिना, शुक्रवार, सकाळचे साडेसात. अकोल्यातल्या नईमच्या घरी सहा दिवसांनी नळ आला होता.

मोटार लावून त्याची बायको हीना कणीक भिजवायला बसली. संध्याकाळी तिच्या बहिणीची, माहेनूरची, मंगनी याच घरात होती. वडील अब्दुल सत्तार यांच्या बाळापूरच्या शेतातली विहीर मार्चातच आटली होती. कापूस गेला तो गेला, निदान पाहुण्यांना हात धुवायला पाणी असावं, म्हणून कार्य जावयाच्या घरी आणलं होतं. (शहरात पाणी असतं, ही खेड्यातली जुनी समजूत.)

नईम घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं प्रोग्रामिंग करायचा. आठवडाभर मात्र तो स्वतःच्या घरासाठी एक पडदा बनवत होता. चित्र नाही, माउस नाही. काळ्या टर्मिनलवर अक्षरांच्या चौकटी. त्यातली एक उभी चौकट म्हणजे गच्चीवरची टाकी. जेवढं पाणी, तेवढी निळी.

"जिना चढून पाहून येनं काहून जमत नाही तुमाले?" हीनानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"ही फंक्शनल लायब्ररी आहे, तयार कोडचा संच," नईम अभिमानानं म्हणाला. "डिक्लरेटिव्ह. काय दिसायला पायजे, तेवढं आपन सांगायचं. कसं काढायचं, ते तिचं तिनं पाहायचं."

"म्हंजे तुमचा चहा. 'चहा पायजे' म्हनून तुमी बसून राहाचं, अन् कसा कराचा ते मी पाहाचं."

नईमला ही उपमा आवडली नाही. (चूकही सापडेना.)

त्या सकाळी हीनाचे दोन्ही हात कणकेत होते. तिनं आतूनच विचारलं, "अजी, टाकी भरली काय?"

आठवडाभर टिंगल करून बायको पहिल्यांदाच पडद्याचा सल्ला मागत होती. नईमचा ऊर भरून आला. त्यानं पाहिलं. चौकट काठोकाठ निळी.

"भरली."

"नक्की ना?"

"पडदा सांगून राहिला."

हीनानं मोटार बंद केली आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून पाइप शेजारच्या गोदाबाईंना दिला. गोदाबाईंचे ड्रम भरले, कूलर भरला, तुळसही न्हाली. मग नळ गेला.

दुपारी अब्दुल सत्तार आले. जुम्याच्या नमाजाआधी वजूसाठी हात-पाय-तोंड धुवायला त्यांनी नळ सोडला. नळ खाकरला, चार थेंब टाकून गप्प झाला.

नईम धावत गच्चीवर गेला. सकाळी चढलं तेवढं थोडं पाणी स्वयंपाकातच संपलं होतं; टाकीच्या तळाशी गाळ तेवढा होता. खाली येऊन तो कोड वाचू लागला. पडद्यानं खोटं काही केलं नव्हतं; सांगितलं तसं बिनचूक काढलं होतं. निळा रंग कसा दिसतो ते बघायला नईमनंच सोमवारी 'टाकी भरलेली' असं लिहून ठेवलं होतं. खऱ्या टाकीला विचारायची सोय प्रोग्राममध्ये कुठेच नव्हती.

"अब्बा, लायब्ररीचा दोष नाही," तो म्हणाला.

"नसंल ना, नईममियाँ. माह्या विहिरीचाबी दोष नाही. पन मी तिले निळा रंग नाही मारला."

हीनानं पदराला हात पुसले आणि फोन उचलला. "एक टँकर पानी पायजे. आताच." एवढंच. अर्ध्या तासात गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा राहिला, रस्त्यावर पाणी सांडत.

"हे घ्या तुमचं डिक्लरेटिव्ह," हीना नवऱ्याला म्हणाली. "काय पायजे ते सांगतलं. कसं, ते नाही इचारलं."

टाकी भरली. पडद्यावर ती सोमवारपासून भरलेलीच होती, त्यामुळे नईमचा प्रोग्राम त्या संध्याकाळपुरता बरोबर ठरला. मंगनी नीट पार पडली, पाहुणे हात धुऊन जेवले.

'कसं' ते विचारलं फक्त अब्दुल सत्तारांनी, दुपारी टँकर रिकामा होताना. "काहून रे बेटा, नळाले पानी नाही, विहिरीले नाही. तुले कुठून भेटते?"

"पाइप धरा चाचा," टँकरवाला म्हणाला.

त्यांनी पाइप धरला. उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.