बेचाळीस जणांचं अर्थिंग

डॉक्टरांनी गिटारची वायर ॲम्प्लिफायरमध्ये खोचली, बटण दाबलं आणि घरभर ‘घूंऽऽऽ’ असा आवाज सुरू झाला. आतल्या खोलीत सासूबाईंनी झोपेतच गालावर हात दाबून धरला. डॉक्टर दातांचे होते. गेल्याच महिन्यात त्यांनी सासूबाईंची दाढ कोरली होती आणि कोरायच्या यंत्राचा आवाज थेट असाच होता. कानाला थोडाफार फरक कळला असता, जबड्याला कळत नव्हता.

“जावईबापू, नको! दुखत नाहीये आता!” सासूबाई आतून ओरडल्या.

“आई, गिटार आहे ही.”

“मग तर मुळीच नको.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इमारतीचा वार्षिक मेळावा होता आणि त्यात डॉक्टरांना दहा मिनिटं मिळाली होती. ती मिळण्याचंही एक कारण होतं. परवा सकाळी दहा वाजता इमारतीच्या सेक्रेटरींची दाढ डॉक्टरांच्या हाती यायची होती. ज्याच्या हातात परवा आपला जबडा द्यायचा, त्याला आज नाही कोण म्हणणार?

या दहा मिनिटांसाठी डॉक्टर बावीस वर्षं थांबले होते. दाताच्या डॉक्टरला कुणी टाळ्या वाजवत नाही. कितीही सुरेख काम करा, माणूस अर्धं तोंड वाकडं करून, ‘ऊं’ म्हणून, रुमाल धरून निघून जातो. डॉक्टरांना आयुष्यात एकदा, फक्त एकदा, आपल्यासाठी वाजलेल्या टाळ्या ऐकायच्या होत्या. त्यासाठी घरात तीन गिटार आल्या होत्या, दोन ॲम्प्लिफायर आले होते आणि पायाने दाबून आवाज बदलायची नऊ पेडल आली होती. बायको त्यांना साबणाच्या डब्या म्हणायची.

ही सगळी खरेदी चष्मेवाल्याच्या सल्ल्याने झाली होती. दवाखान्याखालीच त्याचं चष्म्याचं दुकान. तोही गिटारवाला. डॉक्टरांचा आवडता वादक एकच सूर तीन मिनिटं धरून ठेवायचा, चष्मेवाल्याचा एका मिनिटात तीनशे सूर उधळायचा. यातला थोर कोण यावर आठवड्यातून तीन संध्याकाळी कडाक्याचा वाद व्हायचा. त्यात वाजवायचं राहून जायचं. आजही तो डॉक्टरांच्या घरी पेडल जुळवत बसला होता.

“वायर बदला,” बायको म्हणाली. ती शाळेत आठवीला विज्ञान शिकवायची.

दोघा पुरुषांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती सासूबाई बदला म्हणाली होती. वायर साधी नव्हती. जुन्या टेलिफोनसारखी गुंडाळीची, चाळीस वर्षांची, चष्मेवाल्याने कुठूनशी मिळवून डॉक्टरांच्या वाढदिवसाला दिलेली.

“वहिनी,” चष्मेवाला हळुवारपणे म्हणाला, “या वायरीत सूर मुरतो. नव्या वायरीत तो नुसता इकडून तिकडे जातो.”

“वायरीचं काम तेच असतं, भावजी.”

एवढ्यात डॉक्टरांचा हात वायरीच्या टोकाच्या धातूच्या प्लगला लागला आणि घूं गपकन थांबली. हात काढला, घूं. लावला, शांत. पण गिटार वाजवायला दोन्ही हात लागतात आणि देवाने डॉक्टरांना तिसरा दिला नव्हता.

“शरीरातून अर्थिंग होतंय,” चष्मेवाला म्हणाला. “कुणीतरी प्लगला बोट लावून उभं राहिलं की झालं.”

दोघांनी बायकोकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात तिने बरंच काही धरून ठेवलं होतं. त्यात एक प्लग काय जड होता?

मेळाव्याला बेचाळीस माणसं जमली. त्यातली एकतीस कधी ना कधी डॉक्टरांच्या खुर्चीत बसून गेलेली. डॉक्टर स्टेजवर आले, पेडल मांडली, बटण दाबलं. हॉलमध्ये डझनभर ट्यूबलाइट, स्टेजचे दिवे, मोठा ॲम्प्लिफायर. घरातली घूं इथे चांगली बाळसं धरून आली. एकतीस हात एकदम एकतीस गालांवर गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तर सवयीने तोंडही उघडून बसल्या.

“अहो, थांबवा ते!” सेक्रेटरी डोळे मिटून ओरडले.

बायकोने पुढे होऊन प्लगला बोट लावलं. घूं थोडी दबली, पण थांबेना.

“एक माणूस पुरत नाहीये,” चष्मेवाला म्हणाला. “वहिनी, हात द्या.” तो हात पुढे करून स्टेजवर चढला.

“तो मला दे,” म्हणत सासूबाई मध्ये घुसल्या. त्यांनी एका हाताने मुलीचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने चष्मेवाल्याचा. घूं आणखी खाली आली.

“बघा! जितकी माणसं, तितकं अर्थिंग!” चष्मेवाल्याला शास्त्रज्ञ झाल्याचा आनंद झाला. “सेक्रेटरीसाहेब, या.”

सेक्रेटरी पळतच आले. ज्याला उद्या हाच आवाज स्वतःच्या तोंडात ऐकायचा आहे, तो आज तो थांबवायला काहीही करतो. त्यांच्यामागे काकू, काकूंमागे काका. आवाज कमी होतोय म्हटल्यावर सगळ्यांनाच हुरूप आला. पाहता पाहता साखळी स्टेजवरून उतरली, खुर्च्यांच्या रांगांतून वळसे घेत पार दारापर्यंत गेली. कुणीतरी म्हणालं, चपला काढल्या तर बरं. लगेच सगळ्यांनी चपला काढल्या. बेचाळिसावा वॉचमन. त्याने काकांच्या मेव्हण्याचा हात धरला मात्र, हॉलमध्ये एकदम शांतता पसरली.

“आता कुणी हलायचं नाही,” बायको आठवीच्या वर्गाच्या आवाजात म्हणाली.

डॉक्टरांनी वाजवायला सुरुवात केली. मध्येच कुणाच्या तरी खिशात फोन वाजला. तो काढायचा कुणी? बिचारा वाजून वाजून दमला आणि गप्प बसला. काकूंचं नाक खाजायला लागलं, ते त्यांनी काकांच्या खांद्यावर खाजवून घेतलं. पण हळूहळू लोक ऐकायला लागले. हलता येत नाही, फोन बघता येत नाही, उठून जाता येत नाही. असा श्रोतृवर्ग मोठमोठ्यांना मिळत नाही.

आणि खरं सांगायचं तर डॉक्टर छान वाजवत होते. बावीस वर्षांत माणूस वादातूनसुद्धा काहीतरी शिकतो. शेवटचा सूर त्यांनी आपल्या आवडत्या वादकासारखा धरून ठेवला. तो बारीक होत होत कुठे विरला ते कळलंच नाही. सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात नव्हता, म्हणून ते तसंच गालावरून ओघळू दिलं.

डॉक्टरांनी मान वर केली आणि वाट पाहिली.

बेचाळीस चेहरे त्यांच्याकडे भारावून बघत होते. टाळ्या सगळ्यांच्या हातापर्यंत आल्या होत्या, पण हातच एकमेकांत अडकले होते. वॉचमनचा तेवढा एक हात मोकळा होता, आणि एका हाताने टाळी वाजत नाही. शेवटी काकूंना राहवलं नाही. त्यांनी टाळी वाजवायला हात सोडवले.

घूंऽऽऽ!

“काकू, हात धरा!” एकतीस तोंडं ओरडली. काकूंनी घाबरून हात धरले. पुन्हा शांतता. डॉक्टर अजून हसऱ्या चेहऱ्याने उभेच.

“अहो, बटण बंद करा ना आता!” बायको दातओठ खात म्हणाली.

डॉक्टरांनी भानावर येऊन बटण बंद केलं. साखळी सुटली. जो तो बोटं झटकायला लागला, चपला शोधायला लागला. सेक्रेटरींनी माइक हातात घेतला.

“मंडळी, अकरा मिनिटं! अकरा मिनिटं वहिनींनी प्लगवरचं बोट तसूभरही हलवलं नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. हॉल दणाणला. लोक उभे राहिले.

“आणि मी?” सासूबाई म्हणाल्या. पुन्हा कडकडाट. चष्मेवाल्याने न विचारताच वाकून अभिवादन केलं आणि त्यालाही थोड्या मिळाल्या. डॉक्टरही तारा छेडायची पिक बोटांत धरून टाळ्या वाजवत होते. माणुसकी म्हणून काही असतं.

“डॉक्टरांचे आभार आपण शेवटी मानूच,” सेक्रेटरी म्हणाले. मग जादूचे प्रयोग झाले, चहा झाला आणि शेवट कधी झाला ते कुणालाच कळलं नाही.

घरी आल्यावर डॉक्टर गिटार मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. त्यांना फार वाईट वाटलं होतं. बायको गिटारची पिशवी आवरत होती. बाजूच्या कप्प्यातून तिने एक पाकीट काढलं.

“हे काय आहे?”

“नवी वायर.”

“घरात नवी वायर होती?”

“होती. पण तिच्यात सूर कोरडा येतो.”

बायकोने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. बोटावर प्लगचा गोल ठसा अजून होता. मग तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जे बोलणार होती ते उद्यावर ढकललं.

सकाळी दहाला सेक्रेटरी खुर्चीत बसले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, यंत्र सुरू केलं. घूंऽऽऽ! आदल्या दिवशीची सवय अजून अंगात होती. सेक्रेटरींनी डोळे मिटले आणि डाव्या हाताने नर्सचा हात घट्ट धरला. घूं थांबेना म्हणून उजव्या हाताने खुर्चीचा दांडाही धरला. डॉक्टर खाली मान घालून, नेहमीसारखं, सुरेख काम करत राहिले. यंत्र थांबलं तेव्हा खोलीत अगदी शांत झालं.

सेक्रेटरींनी डोळे उघडले. नर्सचा हात सोडून उठून बसले. आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. हात मोकळे होते.

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या माणसाच्या, पण खणखणीत. बाहेर बाकावर काकू आणि वॉचमन आपापल्या नंबराची वाट बघत होते. आतला आवाज ऐकून त्यांनीही वाजवायला घेतल्या. वॉचमनने या वेळी दोन हातांनी.

डॉक्टर हातात यंत्र धरून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले.

“साहेब, या कालच्या,” त्यांनी घाबरत घाबरत विचारलं, “की आत्ताच्या?”

“ऊंऊं,” अर्धं तोंड वाकडं करून सेक्रेटरी म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. यंत्र छातीशी धरून ते कमरेत वाकले, एकदा खुर्चीकडे आणि एकदा दाराकडे. मग नर्सला म्हणाले, “पाठवा पुढच्याला.”