सरपंचांचा शिक्का

कमळाकरांच्या तळघरात वास येत होता आणि तो वास सरपंचांचा होता.

सरपंच म्हणजे त्यांचा बोका. गल्लीतली प्रत्येक भिंत, प्रत्येक खांब आणि उभी दिसेल ती स्कूटर, सगळ्यांवर शेपटी वर करून तो आपला शिक्का मारत फिरायचा, म्हणून कमळाकरांच्या बायकोनं, सरूबाईंनी, त्याला हे नाव दिलं होतं. पेणला कमळाकरांचं घर उतारावर होतं. रस्त्याला लागून राहतं घर आणि त्याच्या पोटात तळघर. तिथे पूर्वी त्यांचा गणपतीचा कारखाना होता. उंदीर रंगाचे ब्रश कुरतडायचे, म्हणून बोका आणला. गणपतीच्या कारखान्यात उंदरावर बोका सोडणं बरं दिसतं का, असं कुणी विचारलं की कमळाकर शांतपणे म्हणायचे, “मातीचं उंदीर तो खात नाय.”

पुढे गुडघे बोलायला लागले आणि कारखाना बंद झाला. मूर्ती गेल्या, उंदीर गेले, बोका राहिला. आणि राहिली कमळाकरांची एक इच्छा, लहान मुलांना शाडूचा गणपती करायला शिकवायची. आता तो योग आला होता. रोह्याच्या एका शाळेतल्या प्रतीक्षा मॅडम मे महिन्याच्या सुट्टीत वीस मुलं घेऊन यायला तयार होत्या. बाहेर ऊन तापलेलं असताना आत थंडगार तळघर, कोपऱ्यात दोन पोती शाडू. आणखी काय हवं? फक्त शनिवारी येऊन मॅडम जागा तेवढी बघणार होत्या. त्यांना ती पसंत पडली नाही, तर मुलं दुसरीकडे जाणार होती.

“जागा बघायला येतील नि वास घेऊन जातील,” गुरुवारी सकाळी सरूबाई जिन्यातूनच पदर नाकाला लावून म्हणाल्या.

“फिनेल मारतो गो.”

कोपऱ्यातल्या पिवळ्या डागावर फिनेल मारलं. तासाभराने सरूबाई पुन्हा डोकावल्या. “मघाशी नुसता बोका होता. आता बोका दवाखान्यात अ‍ॅडमिट केल्यासारखा वाटतोय.”

तेवढ्यात शेजारचा जगन आला. तो डोलवीला कंपनीत होता, रात्रपाळी करून नुकताच घरी पोचला होता. “काका, फिनेलनं काय व्हतंय? ते पयलं धुऊन टाका नि संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओता. कोबा फेसाळला का समजा काम झालं!”

जमिनीचा सिमेंटचा कोबा फेसाळला. जगन खोकत खोकत आधी पळाला, त्याच्यामागे गुडघे विसरून कमळाकर पळाले. वाफ गेल्यावर दोघांनी खाली येऊन पाहिलं, तर पिवळा डाग खरोखरच गेला होता. त्या जागी कोबा खाऊन पांढरा डाग पडला होता, हुबेहूब बसलेल्या बोक्याच्या आकाराचा.

“आता फोटो पण निघाला,” सरूबाई म्हणाल्या.

वास मात्र होता तिथेच होता. त्याचं कारण साधं आहे. कोबा दिसतो दगडासारखा, पण त्याला बारीक बारीक छिद्रं असतात. वर सांडलेलं तो हळूहळू पितो आणि पोटात ठेवतो. मग वरून कितीही पुसा, पुसलं जातं ते तोंड, पोट नव्हे. कमळाकरांच्या हे लक्षात आलं आणि लगेच दुसरीही गोष्ट लक्षात आली. कारखान्यात तेल सांडलं की ते कोरड्या शाडूची मूठ टाकायचे. माती तेल ओढून घ्यायची. मग जी तेल ओढते, ती बोका नाही ओढणार?

त्यांनी शाडू वस्त्रगाळ केला आणि त्या कोपऱ्यात पसरला. शुक्रवारी सकाळपर्यंत वास निम्मा झाला. इथे थांबायला हवं होतं. पण औषध लागू पडलं की माणूस बाटली तोंडाला लावतो. कमळाकरांनी दोन्ही पोती चाळली आणि दिवसभर खपून सगळ्या तळघरात दोन बोटं जाडीचा, मऊसूत, सपाट थर दिला.

“आवो, पोरांनी गणपती कशाचं करायचं?”

“चाळून परत पोत्यात भरू की! आणि ती खिडकी उघडी ठेव गो, हवा लागू दे.”

तळघराची खिडकी आतून उंचावर, पण बाहेरून रस्त्याच्या बरोबरीने होती. मांजर बसायला कशी जागा शोधतं, हे कुठल्याही लहान मुलाला ठाऊक असतं. कोरडी, मऊ, उकरता येईल अशी माती. गल्लीतल्या मांजरांनी आजवर वाळूवर आणि दगडांच्या चुरीवर दिवस काढले होते. वस्त्रगाळ शाडू त्यांच्या सात पिढ्यांनी पाहिला नव्हता.

शनिवारी सकाळी कमळाकर खाली उतरले आणि शेवटच्या पायरीवर थबकले. सपाट थरावर जागोजागी नीट झाकलेले छोटे छोटे ढीग होते. सहा मांजरं अजून कामात होती. मधोमध सरपंच बसले होते.

“ग्रामसभा भरवली यानं!” सरूबाईंनी झाडू उचलला.

दोन तास दोघं माती भरून बाहेर टाकत होते. मॅडम अकराला येणार होत्या. दहाला वरून हाक आली, “काका, आहात का? आधीची गाडी मिळाली!”

प्रतीक्षा मॅडम खाली आल्या. कापडी पिशवी त्यांनी पाठीमागे धरली होती. एक खोल श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या झटकन खिडकीखाली जाऊन उभ्या राहिल्या.

“छान आहे जागा,” त्या तोंडाला रुमाल लावून म्हणाल्या. “पण जरा... बाहेर बसूया का?”

“बसा की इथंच, थंड हाय,” कमळाकर पुढे सरकले. मॅडम तितक्याच मागे सरकल्या. ते डावीकडे गेले, मॅडम उजवीकडे. सरूबाई झाडू धरून हा खेळ बघत होत्या.

“आणि माती कुठली वापरणार, काका?”

झालं. कमळाकरांनी आयुष्यभर कारखान्यातल्या कामगारांना एकच सांगितलं होतं, मूर्तीचा तडा रंगाने झाकू नका. त्यांनी हात जोडले.

“मॅडम, खरं सांगतो. माती व्हती, ती मांजरांनी वापरली. हा वास आमच्या बोक्याचा हाय. तुम्ही नाय म्हणालात तरी राग नाय.”

मॅडम बघतच राहिल्या. मग रुमाल बाजूला झाला.

“म्हणजे हा वास तुमचा आहे?”

“व्हय.”

“माझा नाही?”

“तुमचा कसा असंल?”

मॅडम खाली पायरीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “अहो काका, निघताना आमच्या मन्या बोक्यानं या पिशवीवर केलं! आत मुलांचे फॉर्म, बदलायला वेळ नाही. रोह्यापासून इथपर्यंत माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. इथे उतरले तर वास दुप्पट. मला वाटलं, बंद जागेत माझाच कोंडलाय!”

“मग तुम्ही लांब लांब पळत व्हता, ते...”

“तुम्हाला येऊ नये म्हणून!”

सरूबाईंनी झाडू ठेवला. “चहा टाकते. वरच बसू.”

मॅडमनी पिशवीतून वीस फॉर्म काढून कमळाकरांच्या हातात दिले. “सोमवारपासून मुलं येतील. तोवर नवी माती आणा, आणि ती खिडकी बंद ठेवा.”

पिशवी पायरीवरच राहिली. सरपंच कोपऱ्यातून उठले. त्यांनी पिशवी एकदा हुंगली, दोनदा हुंगली. मग सावकाश पाठ फिरवली आणि शेपटी वर केली. रोह्याच्या शिक्क्याशेजारी पेणचाही शिक्का बसला.