पूजेच्या ताटातला मार्सियानो

वीरप्पाला एखादा मेलेला माणूस सापडला की घरातल्या जित्या माणसांकडं त्याचं लक्ष राहत नाही, ही त्याच्या बायकोची, शांताक्काची, जुनी तक्रार. पूर्वी ही मेलेली माणसं निदान भावकीतली तरी असायची. मोतीबिंदू काढल्यावर वीरप्पाला नीट दिसायला लागलं, नातीनं हातात मोबाईल दिला, आणि तेव्हापासून तो परदेशातल्या बॉक्सरांच्या मागं लागला. नुसता बघत बसला असता तर शांताक्कानं तेही खपवून घेतलं असतं. पण हा माणूस त्यांच्या जोड्या लावायचा. एक सत्तर वर्षांपूर्वीचा, एक आत्ताचा. त्यातल्या एकाची हाडंसुद्धा उरलेली नाहीत आणि दुसऱ्याला उमरगा कुठं आहे हे ठाऊक नाही. तरी वीरप्पा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवणार आणि विचारणार, "ह्या दोघांत कोण जिंकंल?" दूध घालायला आलेला माणूससुद्धा आता मागच्या दारानं यायला लागला होता.

वीरप्पाचा खरा जीव होता तो मार्सियानोवर. जेमतेम पंच्याऐंशी किलोचा गडी, हात आखूड, पण उतरला तेवढ्या सगळ्या लढती जिंकून घरी गेला. त्याच्यासमोर वीरप्पा उभा करायचा आताचा टायसन फ्युरी, पावणेसात फुटी, वजनाला ज्वारीच्या भरल्या पोत्यापेक्षा जड. शांताक्का दुसरीतून शाळा सोडलेली. असली नावं तोंडात घोळवायची तिची तयारी नव्हती. तिनं एकाला मारश्या करून टाकलं आणि दुसऱ्याला फुऱ्या.

"आता इचार कर," वीरप्पा म्हणायचा, "हा खाली वाकून त्याच्या बगलंत शिरला तर?"

"तर घामाचा वास येईल," शांताक्का म्हणायची आणि कमरेची चंची सोडायची.

चंची सुटली की घरातली माणसं हळूच बाजूला व्हायची. शांताक्काला राग आला की ती अडकित्ता काढून सुपारी कातरायची, आणि राग जेवढा मोठा तेवढे तुकडे बारीक. चंचीची शिवण कधीची उसवलेली. सुपाऱ्या घरभर सांडायच्या आणि ती चालता चालता वाकून उचलायची. नवी चंची शिवू म्हटलं तर ती म्हणायची, जुनं टाकायचं ठरलं तर सुरुवात ओट्यावर बसलेल्यापासून करावी लागेल.

अशा घरात शिवप्रियाची सोयरीक जुळत आली. शिवप्रिया शांताक्काची नात, मेडिकलच्या दुकानात औषधं द्यायची. आलेली स्थळं तिनं एकामागून एक परत पाठवली होती. हा रुद्रेश मात्र समोर आला आणि पोरगी खाली बघून हसली. शांताक्कानं ते हसू बघितलं आणि मनात गाठ मारली, की हे लग्न होणार. रुद्रेश उमरग्यातल्याच एका दवाखान्यात रक्त तपासायचा, घर बसवकल्याणकडचं. आता सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. दोन्हीकडच्या जाणत्यांनी चार माणसांसमोर पुजलेली सुपारी फोडली की सोयरीक पक्की. मग माघार नाही.

सुपारी फोडायच्या दिवशी सकाळीच शांताक्कानं वीरप्पाला समोर बसवून सांगितलं, की पाहुणे जाईपर्यंत मारश्याचं नाव निघालं तर मोबाईल चुलीत जाईल. वीरप्पानं मान हलवली आणि पाहुणे आले तेव्हा दातदुखी झाल्यासारखा तोंड मिटून बसला.

पाहुण्यांत सगळ्यात आधी नजरेत भरला तो रुद्रेशचा आजोबा ईरण्णा. दारातून त्याला तिरकं होऊन आत यावं लागलं. बाजेवर बसला तर बाज करकरली. त्याच्या मागून त्याची बहीण निंगव्वा आली, लहानखुरी, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, नजर प्रत्येक वस्तूवरून फिरवत. तिनं ताट मागून घेतलं, नारळ, हळकुंडं, खारका मांडल्या, आणि मधोमध एकच सुपारी ठेवून तिला स्वतःच्या हातानं भस्म-कुंकू लावलं.

ईरण्णानं पाऊसपाण्याचं विचारलं. वीरप्पा गप्प. रस्त्यावरच्या ट्रकांच्या वर्दळीचं विचारलं. वीरप्पा गप्प. शेवटी निंगव्वानं भावाकडं बघून भुवई उचलली. मुलीकडच्यांच्या मनात नाही की काय, असं तिला वाटायला लागलं होतं. स्वयंपाकघराच्या दारातून शांताक्काला ती भुवई दिसली. नाइलाजानं ती बाहेर येऊन हसत म्हणाली, "अहो, बोला की पाव्हण्यासंगं. मुक्यासारखं काय बसलाव?"

हे वाक्य पुढं कित्येक दिवस ती मनात उलटंपालटं करून बघणार होती.

वीरप्पानं खात्री करून घेतल्यासारखं बायकोकडं बघितलं, मग ईरण्णाकडं, त्याच्या खांद्यांकडं, मनगटांकडं. आणि विचारलं, "पैलवान, तुमी कधी बॉक्सिंग बघितलाव का?"

ईरण्णाचा चेहरा उजळला. तरुणपणी त्यानं जत्रांतून कुस्त्या मारल्या होत्या, आणि आता म्हातारपणी त्यालाही त्याच मोबाईलचा रोग लागला होता. दोघं एकमेकांच्या जवळ सरकले. आत हुग्गीच्या, गव्हाच्या खिरीच्या, पातेल्यात गूळ विरघळत होता, बाहेरून दोन म्हाताऱ्यांचं हसणं येत होतं, आणि शांताक्काला वाटलं, आपण उगीच भीत होतो.

हसणं मग कमी झालं. ईरण्णाचं म्हणणं, माणूस उंच असला, हात लांब असले, की समोरचा कितीही तिखट असो, जवळच पोचत नाही. आयुष्यभर दारांत वाकून चाललेल्या माणसाचं ते मत होतं. वीरप्पा आयुष्यभर दुसऱ्यांच्या खांद्यावरून जत्रा बघण्यासाठी टाचा उंचावत आलेला. तो म्हणाला, दाखवतो. आणि दाखवायला हाताशी होतं ते पूजेचं ताट.

चार कोपऱ्यांना चार हळकुंडं, हा झाला आखाडा. खारका म्हणजे पंच. शेंडीसकट नारळ फ्युरी, तो ईरण्णाकडं. सुपारी मार्सियानो, ती वीरप्पाच्या चिमटीत. रुद्रेशला मोबाईलवर वेळ लावायला सांगितलं. बिचाऱ्यानं होणाऱ्या आजेसासऱ्याचा मान राखायचा म्हणून लावली. ईरण्णा नारळ पुढं सरकवून सुपारीला लांब ठेवायचा, वीरप्पा सुपारी नारळाच्या बुडाशी घुसवायचा. दोघांचे श्वास चढले. निंगव्वा तेवढ्यात मागं हात धुवायला गेली होती, नाहीतर तिथंच थांबलं असतं.

"आता खाली वाकला," वीरप्पा म्हणाला, "अन् आता हा बसला."

सुपारीनं ठोसा दिला. ताट कललं. नारळ बाजेवरून खाली, दारातून ओट्यावर, ओट्यावरून पायरीवर, आणि पायरीवरून खालच्या फरशीवर जाऊन फुटला. पाणी सांडलं. सुपारी कुठल्या कुठं उडाली.

"पाडला," वीरप्पा म्हणाला.

"पाडला कुठं? घसरला," ईरण्णा म्हणाला. "नुसतं घसरलं तर पाडलं धरत न्हाईत."

"फुटलं की हो डोसकं."

"तुमी ताट हलवलाव. खरा पंच असता तर तुमालाच बाद केलं असतं."

ईरण्णा उठून उभा राहिला, वीरप्पाही उभा राहिला, त्यानं फारसा फरक पडला नाही. नारळाचा आवाज ऐकून शांताक्का हुग्गीचं पातेलं खाली ठेवून धावली. उंबऱ्याशी सवयीनं वाकली, उठली, आणि बाहेर येऊन बघते तर वेळेआधी फुटलेला नारळ, रिकामं ताट, आणि छातीला छाती लावून उभे असलेले दोन व्याही. मागून निंगव्वा आली. तिनं नारळाकडं बघितलं नाही. ती ताटाकडं बघत होती.

"सुपारी कुठाय?"

मग शोध सुरू झाला. बाज उचलली, सतरंजी झटकली, पाहुण्यांच्या चपला एकेक करून उलट्या केल्या. ईरण्णानं धोतराचा सोगा झाडला, त्यातून फक्त एक पंच निघाला. शिवप्रिया नव्या साडीत, मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात कपाटाखाली बघत होती आणि दुसऱ्या बाजूनं रुद्रेश बघत होता. त्या दोघांना ती लवकर सापडावी असं काही वाटत नसावं. शांताक्का म्हणाली, घरात डबाभर सुपाऱ्या आहेत, दुसरी घ्या. निंगव्वा म्हणाली, पुजलेलीच पाहिजे.

शांताक्का बाजेवर बसली. चंची सोडली, अडकित्ता काढला. कट. तिच्याच घरात, तिच्याच नातीच्या सोयरिकीत, एक परकी बाई तिला सुपारी कशी असावी ते शिकवत होती. कट.

"पुजलेली सुपारी हरवणं बरं न्हाय अक्का," निंगव्वा म्हणाली. बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. पण ते शांताक्काला नंतर कळलं. "देवाचा कौल दिसंना मला."

तोंडातला तुकडा गालात सरकवून शांताक्का म्हणाली, "देवाला तेवढंच काम हाय व्हय? तुमच्याकडं पोराला कुणी पोरगी देईना म्हणून एवढ्या लांब आलाव, अन् आता सुपारीला नावं ठेवायलाव?"

वाकलेली माणसं वाकलेलीच राहिली. रुद्रेश कपाटामागून उठला आणि त्यानं पँटचे गुडघे झटकले. हुग्गी कुणी तोंडात घातली नाही. जाताना निंगव्वा फाटकाशी थांबून एवढंच म्हणाली, "सुपारी सापडली तर कळवा. न्हाय सापडली तर समजून घ्या."

गाडी गेल्यावर शांताक्कानं सगळा राग वीरप्पावर काढला. तुमच्या मारश्यानं पोरीचं वाटोळं केलं म्हणाली. वीरप्पानं मोबाईल नातीच्या टेबलावर नेऊन ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून एक काडी घेऊन दारापुढची गटार चाळायला बसला.

दिवस गेले. शिवप्रिया सकाळी दुकानात जायची, संध्याकाळी यायची. पूर्वी रुद्रेशच्या दवाखान्यावरून येताना उशीर व्हायचा, आता होत नव्हता. शांताक्काला ते नीट कळत होतं. भाकरी थापताना, केस विंचरताना तिला निंगव्वाला बोललेलं स्वतःचंच ते वाक्य ऐकू यायचं. बोलताना ते किती गोड लागलं होतं, हेच आता जास्त टोचत होतं. आणि घर गप्प होतं. ओट्यावर कोण कुणाला पाडेल ते कुणी सांगत नव्हतं. दूधवाला पुन्हा पुढच्या दारानं यायला लागला होता.

एका दुपारी तिनं चंची सोडली. राग आला म्हणून नव्हे, करमेना म्हणून. तळात बोटांना अर्धी कातरलेली सुपारी लागली. अडकित्त्यात धरणार तोच गोल बाजूला लाल काहीतरी दिसलं. तिनं ती उजेडात धरली. वाळलेलं कुंकू, आणि त्यावर भस्माची पुसट रेघ.

उंबऱ्याशी आपण वाकलो होतो. पायाशी आलेली आपलीच समजून उचलली होती. आणि सगळं घर जिला शोधत होतं ती सुपारी, निंगव्वाच्या समोर बसून, आपण कातरून खाल्ली होती. त्याच तोंडानं ते वाक्य बोललो होतो.

चूल चार पावलांवर होती. अर्धी सुपारी आत टाकली असती तर कुणाला काही कळलं नसतं. शांताक्कानं चुलीकडं बघितलं, मग खिडकीतून बाहेर. वीरप्पा गटारीच्या काठाशी गुडघ्यांवर बसला होता, सदरा काढून ठेवलेला, पाठीची हाडं मोजता यावीत इतकी वर आलेली. त्यानं काडीनं काहीतरी उचललं, डोळ्यांजवळ नेलं, आणि परत टाकून दिलं.

ती बाहेर गेली. त्याच्या शेजारी, भर रस्त्यावर, लुगडं सावरून खाली बसली आणि तळहात पुढं केला.

वीरप्पानं सुपारी हातात घेतली, उलटसुलट केली. बायकोकडं बघितलं, तिच्या कमरेच्या चंचीकडं बघितलं. त्याला सगळं कळलं. शांताक्का वाट बघत होती, की आता हा बोलेल. काहीही बोलला असता तरी तिला चाललं असतं. पण त्यानं फक्त विचारलं, "दुसरी अर्धी?"

शांताक्का उठली, गुडघ्यावर हात ठेवून, हळू.

"पोटात हाय. हात धुवा अन् सदरा घाला. बसवकल्याणची गाडी बघा. सुपारी भरल्या बैठकीत फुटली, दोन्हीकडची माणसं समोर होती, म्हणजे सोयरीक झाली, असं मी निंगव्वाला सांगणार हाय. आधी तिच्या पाया पडणार, मग सांगणार. अन् तुमच्या मारश्याचं म्हणाल तर त्यो हरला. फुऱ्यानं न्हाय, म्या पाडला, बसल्या जागी. वाटंनं बोला त्याचं काय बोलायचं ते. लई दिस झालं, घर गप हाय."