टायबाबूची टेरिलीन

आमच्या दिग्रसच्या, कापसातली सरकी काढायच्या जिनात काट्यावर कापूस मोजनारे टायबाबू भर उन्हाळ्यातबी टाय काढत नव्हते. रुई उडून नाकातोंडात जाये, बाकीचे तोंडाले गमचा बांधत, हे गळ्यात टाय बांधत. कोनी हासलं का म्हनत, "हासू नको, रुंदी पाह्य, रुंदी!"

सालातून दोनदा थे यष्टीनं यवतमाळले जात. काम काही नसे. कचेरीपुढं उभं राहून साहेबलोकाईच्या टाया पाहत अन संध्याकाळी परत येत. घरी बायको नाही, पोरंबाळं नाही. खोली माह्या खोलीले लागून, म्हनून यष्टीतून उतरले का थेट माह्याच दारात.

"पोरी, साहेबलोक तीन बोटावर आले. घे उसवाले."

मी तिसरीच शिकेल, पन सुई बरी चाले. पाच बोटाची रेशमी टाय मी आधी चारवर आनली, मंग तीनवर. माहा नवरा त्याईच्याच हाताखाली रुईच्या गाठी उचले, नाही कशी म्हनू?

मंग एका साली थे नागपूरहून टेरिलीनची टाय घेऊन आले. "रेशीम म्हाताऱ्याईचं झालं, पोरी. हे दोन बोटाची कर. उद्या मोठे व्यापारी येऊन राह्यले."

मी उसवली, शिवली, इकडं लेकरू रडून राह्यलं, त्याले पायानं झोका देल्ला अन रेशमावर फिरवतो तशीच कोळशाची इस्तरी फिरवली, तं माय वं, टाय आंग चोरून गोळाच झाली अन इस्तरीले चिकटली!

आता नवऱ्याचं काम गेलं. लेकरू काखेत, थो गोळा पदरात, तशीच गेली.

"बाबूजी, माह्यानं जळली. याईले कामावरून काढू नका जी."

त्याईनं गोळा हातात घेतला, उलटापालटा केला. "एक बोटाची झाली वं. यवतमाळच्याबी पुढं गेली." मंग म्हने, "जाय, लेकराले पाज."

दुसऱ्या दिवशी रेशमाची टाय खुंटीलेच ठेवून थे उघड्या गळ्यानं जिनात गेले. संध्याकाळी दारात उभे. मी दाराआड.

"पोरी, आज चौदा जन बोलले माह्याशी. बाबू, बरं नाही काय, म्हने. एकानं घरून ताक आनलं. तुह्या नवऱ्यानं तं कपाळाले हात लावून ताप पाह्यला."

"मंग बाबूजी?"

"मंग काय? इतके वर्स झाले, मले लोक वजनच विचारत."

मंग हळूच म्हने, "होळीले थांबू नको, आनखी एखांदी जाळजो."

मी म्हटलं, "जाळतो, बाबूजी."