शेवटची अठरा पानं

प्रेमराज बोरसेने कुटुंबाला बेटावर न्यायचं जाहीर केलं, तेव्हा घरात कोणीही बेट मागितलेलं नव्हतं. त्याच्या बायकोला, मेघाला, रविवारी नऊपर्यंत झोपायचं होतं. नववीतल्या पुनमला मैत्रिणींबरोबर सिनेमाला जायचं होतं. आणि त्याच्या आईला, सुंदरबाईंना, कुठेच जायचं नव्हतं. त्यांच्या टीव्ही मालिकेतल्या, तीन आठवडे बेशुद्ध पडलेल्या सुनेला नेमकी त्याच रविवारच्या विशेष भागात शुद्ध येणार होती.

"बेट?" मेघा म्हणाली. "मेहरूणमध्ये राहतो आपण. घराजवळच्या तलावावर जाऊन भेळ खाऊ."

"तलाव म्हणजे बेट नव्हे. माणसाला चारी बाजूंनी पाणी लागतं. तेव्हा तो स्वतःला भेटतो."

हे वाक्य त्याने आधीच लिहून ठेवलेलं होतं, हे मेघाला लगेच कळलं. प्रेमराज एका कॉलेजात हेडक्लार्क होता, पण ती त्याची पोटापुरती ओळख. खरी ओळख फेसबुकवर. तिथे तो पुस्तकांची आणि सिनेमांची 'परखड' परीक्षणं लिही, तारे वाटी, आणि चार हजार माणसं ते तारे मोजत. दोनच्या वर तो सहसा जात नसे. पुस्तकाची पहिली सहा पानं आणि मागचं कव्हर वाचलं की त्याचं मत तयार होई. सिनेमासाठी ट्रेलर पुरे. थिएटरला गेलाच, तर मध्यंतरानंतर तो झोपे आणि 'उत्तरार्ध रेंगाळतो' असं लिही.

जामनेरकडच्या एका धरणाच्या फुगवट्यात त्याने बेट शोधून काढलं. बाभळी, थोडं गवत, एक चिंचेचं झाड. चिंधा नावाचा होडीवाला त्याने फोनवरच ठरवला. चिंधा "साहेब, तिथे होडी कशाला..." असं काहीतरी म्हणत होता, पण प्रेमराजने त्याला बोलू दिलं नाही. "होडीच पाहिजे. अनुभव संपूर्ण पाहिजे."

रविवारी दहा वाजता होडी बेटाला लागली. उतरण्याआधी प्रेमराजने कापडी पिशवी पुढे केली.

"मोबाईल टाका सगळ्यांनी. आज उपवास. मोबाईलचा."

पुनमने आपला फोन असा ठेवला जणू त्याला दवाखान्यात भरती करत होती. सुंदरबाईंनी बटणांचा फोन पदरात लपवला होता, तोही निघाला. पिशवी होडीच्या खुंटीला अडकवून प्रेमराजने भरताचा डबा, भाकऱ्यांचं फडकं, पाण्याचा कॅन आणि सतरंजी काठावर उतरवली. मग चिंधाला ऐटीत बजावलं, "हे बघ, मी फोन केल्याशिवाय इकडे फिरकायचं नाही. संध्याकाळ होवो, काही होवो. फोन आला तरच."

"बरं साहेब," चिंधा म्हणाला, कानात गाण्याची बोंडकं कोंबली आणि वल्हं मारलं.

होडी शंभर हात गेल्यावर पुनमने विचारलं, "पप्पा, तुम्ही चिंधाकाकांना फोन कशावरून करणार?"

प्रेमराज काठाकडे धावला. "चिंधाऽऽ! पिशवीऽऽ!" चिंधाने वळून पाहिलं, दोन्ही हात हलवून प्रेमाने निरोप घेतला आणि तो दिसेनासा झाला.

पहिला तासभर प्रेमराजने परिस्थिती ताब्यात असल्याचं सांगण्यात घालवला. बेटावर अडकलेल्या माणसांचे सगळे सिनेमे त्याच्या मते सारखेच भिकार होते. "कॅमेरा बरा असतो, पण दिग्दर्शकाला एकाकीपण कळत नाही."

"तुम्हाला कळतंय का आता?" मेघाने विचारलं. ती चिंचेखाली सतरंजी पसरून पडली होती. पर्समधून तिने एक जाड कादंबरी काढली होती, प्रकाशकाने परीक्षणासाठी प्रेमराजला पाठवलेली. गुरुवारीच त्याने तिला दीड तारा देऊन टाकला होता. मेघाने ती सहज उचलली होती आणि आता तिला मान वर करायला फुरसत नव्हती. एका विधवेला मेलेल्या नवऱ्याच्या अक्षरात पत्रं येतात, अशी गोष्ट होती.

अकराच्या सुमारास मेघा आणि पुनम बेटाला फेरी मारून आल्या. "काही आहे का पलीकडे?" प्रेमराजने विचारलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "पाणीच आहे," मेघा म्हणाली आणि परत पुस्तकात शिरली. पुनम तोंडावर ओढणी घेऊन बराच वेळ हलत होती. बिचारी रडते आहे, असं वाटून प्रेमराजने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

एक वाजता जेवणं झाली. सुंदरबाई उठल्या. "मी जरा तथा जाई येस," म्हणत बाभळींमागे गेल्या. मेघा डबे विसळायला काठावर गेली. पुस्तक सतरंजीवर पालथं पडलं होतं.

प्रेमराजला धूर करायचा होता. धूर दिसला की माणसं येतात, एवढं त्याने भिकार सिनेमांतून उचललं होतं. चहासाठी आणलेली काडेपेटी होती, पण गवत काठच्या ओलीने दमट होतं आणि बाभळीची फांदी काही केल्या धरेना. कागद हवा होता. त्याची नजर पुस्तकावर गेली. पुढची पानं मेघाची वाचून झालेली होती. ती फाडणं म्हणजे बायकोच्या वाचनाचा अपमान. मागच्या पानांना मात्र अजून कोणी हात लावलेला नव्हता. त्याने शेवटची अठरा पानं अलगद काढली.

धूर झाला. चांगला दाट झाला. पलीकडच्या काठावर दोन माणसं थांबली, त्यांनी हात उंचावले आणि "पार्टी जोरात आहे, भाऊ!" असं ओरडून निघून गेली.

मेघा डबे पुसत आली. सतरंजीवर बसली. पुस्तक उचललं, आणि ते तिला हलकं लागलं.

"शेवट कुठे गेला?"

प्रेमराजने धुराकडे पाहिलं.

मेघा ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती अगदी हळू बोलली. "ठीक आहे. तुम्ही तर वाचलंय ना? गुरुवारी लिहिलंत की, शेवट फसला आहे. मग सांगा. पत्रं कोण लिहीत होतं?"

"अगं, आता ते सगळं..."

"सांगा ना पप्पा," पुनम उठून बसली. "स्पॉयलर चालेल आम्हाला."

आयुष्यात पहिल्यांदा प्रेमराजसमोर असा वाचक बसला होता, ज्याने पुस्तक खरोखर वाचलं होतं. त्याने घसा साफ केला. "पत्रं... पत्रं पोस्टमन लिहीत होता. एकतर्फी प्रेम. फार वापरून गुळगुळीत झालेली कल्पना, म्हणून तर मी..."

"पोस्टमन एकशे चार पानावर मेला," मेघा म्हणाली.

"तोच तर धक्का! मेलाच नव्हता तो."

"त्याला जाळलं, अहो. सगळं गाव होतं तिथे. तेरावं झालं. अडीच पानं नुसत्या बुंदीवर आहेत."

"मग त्याचा भाऊ."

"त्याला भाऊ नाही."

"जुळा," प्रेमराज म्हणाला आणि ते ऐकून त्यालाच कसंतरी झालं. "बरं, ती विधवाच. ती स्वतःच स्वतःला पत्रं लिहीत होती. झोपेत."

"तिला लिहिता येत नाही. दुसरं पान. तुमच्या सहा पानांतलं आहे हे."

ही सहा पानांची गोष्ट तिला माहीत होती. म्हणजे कायमच माहीत असणार. चार हजार लोकांपुढे तो बोलत होता तेव्हा ही स्वयंपाकघरातून सगळं वाचत होती आणि गॅस बारीक करत होती. विषय बदलायला त्याला काहीतरी मोठं हवं होतं, आणि ते त्याला सापडलं.

"आई कुठे आहे?"

सुंदरबाईंना जाऊन तास उलटला होता. प्रेमराज बाभळींकडे धावला. काट्यांत सदरा अडकला, तो फाडून तसाच पुढे गेला. बेटाच्या पलीकडच्या टोकाला, अगदी पाण्याच्या कडेला, सुंदरबाईंच्या चपला होत्या. नीट जोडीने काढून ठेवलेल्या. समोर धरणाचं पाणी चमकत होतं, त्यावर एक बगळा सोडून काही नव्हतं.

वीस वर्षं घरातही तोलूनमापून शहरी बोलणारा प्रेमराज त्या काठावर पोटातून ओरडला, "माय वंऽऽ! कोठे शे तू? माय वंऽऽ!"

चिखलात गुडघे टेकून एकदा रडला, मग उठला. त्याला पोहता येत नव्हतं. तरीही त्याने डोळे मिटले आणि चष्म्यासकट पाण्यात उडी टाकली. हे एक त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

पाणी घोट्याच्या वर चार बोटं होतं.

तो पोटावर आपटला. छातीखाली चिखल, तोंडात शेवाळ. मागून मेघाचा आवाज आला, "अहो, हळू! तिथे निसरडं आहे. सकाळी पुनमपण घसरली."

त्याने मान वर केली. समोरच्या वळणावरून आठ-दहा म्हशी पाण्यातून फेंगड्या चालत येत होत्या. त्यांच्यामागे पागोटं बांधलेला एक म्हातारा होता आणि म्हाताऱ्याच्या शेजारी सुंदरबाई. हातात दुधाचा पेला.

"काय व्हयनं, भाऊ?" त्यांनी मुलाकडे पाहत विचारलं. "आंघोळ करी राहिना का?"

"आई! तू... कुठे होतीस?"

"या वनाभाऊन्या घर. बठ्ठं गाव तठेच शे. च्या लिधा, टीव्ही देखा. त्या सूनले शुद्ध उनी."

"आणि चपला?"

"नवी शे ती. पानीमा कशी घालू?"

त्या म्हाताऱ्याने, वनाआबांनी, म्हशींना वाट करून देत खुलासा केला. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी उतरतं, मग गावची गुरं रोज इकडेच चरायला येतात. "बेट म्हणे!" ते हसले. "आमी टेकडं म्हनतो."

प्रेमराज चिखलातच बसून राहिला. "मेघा, तुला माहीत होतं?"

"अकरा वाजता कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

मेघाने फार विचार केला नाही. "दोनशे पानं राहिली होती. तुमच्याकडे फोन नव्हता. असा दिवस परत कधी आला असता?"

सगळे चालत गावात पोचले. वनाआबांच्या ओट्यावर चिंधा बसला होता, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. तो घाईने उठला.

"साहेब, सकाळपासून तुमच्या फोनची वाट पाहून राहिलो. फोन आला असता तर लगेच सांगितलं असतं, की फोन माझ्याकडेच राहिले."

"अरे, चालत येता येत होतं, तर होडी कशाला आणलीस?"

"तुम्ही होडीच पाहिजे म्हणाले."

वनाआबांची सून ज्योती चहा घेऊन आली. तिने मेघाच्या हातातलं फाटकं पुस्तक पाहिलं, विचारून घेतलं आणि दारातच उभी राहून वाचायला लागली. निघायची वेळ झाली तरी ती ते परत देईना. शेवटी मेघाने तिच्याकडेच राहू दिलं.

प्रेमराजने त्या रविवारबद्दल फेसबुकवर काही लिहिलं नाही. मेघाने कादंबरीची नवी प्रत मागवली. पुढच्या रविवारी सात वाजता तिने डबा भरला, पुस्तक पर्समध्ये टाकलं आणि फोन फ्रिजवर ठेवला.

"कुठे?" प्रेमराजने विचारलं.

"बेटावर. संध्याकाळी येते. भरताची वांगी भाजून ठेवा, आईंना तिखट कमी."

"आम्ही?"

"तुमचं झालं की बेट."

दिवसभर प्रेमराजला चैन पडेना. वांगी भाजताना तो मध्येच थांबे. पोस्टमन नाही, भाऊ नाही, विधवा नाही. मग राहिलं कोण? सासरा? तो तर आंधळा, असं मागच्या कव्हरवर होतं. त्याने पुनमला दोनदा विचारलं. तिने कानातली गाण्याची बोंडकं काढलीसुद्धा नाहीत.

सहा वाजता मेघा आली. पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखलेले, चेहरा उन्हाने लालबुंद, आणि पर्स रिकामी. प्रेमराज दारातच उभा होता.

"झालं वाचून? कोण होतं ते?"

"झालं."

"पुस्तक कुठंय?"

"ज्योतीला दिलं. तिच्याकडच्या प्रतीला शेवट नाही ना. आत्ता एकशे तीसवर आहे ती. म्हणाली, ताई, शेवट कोणालाच सांगू नका."

"अगं, पण मी म्हणजे घरातलाच..."

"शब्द दिलाय मी तिला," मेघा म्हणाली, आणि पाय धुवायला मोरीकडे गेली.